अंगठीच्या आतला शब्द: हॉलमार्क

सोन्याची अंगठी बोटातून काढून उजेडात जरा तिरकी धरली, की आतल्या बाजूला एक बारीक ओळ चमकते. नुसत्या डोळ्यांना तो ओरखडाच वाटतो. सराफाकडचं भिंग लावलं, की त्या ओरखड्याची अक्षरं होतात: आधी त्रिकोणासारखं एक चिन्ह, मग २२के९१६, आणि शेवटी अक्षरं आणि अंक मिसळून झालेला सहा घरांचा क्रमांक. या ओळीला आपण हॉलमार्क म्हणतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर ग्रॅमभर सोनं घेणारी बाईसुद्धा आज दुकानात 'हॉलमार्क आहे ना?' असं आधी विचारते. इंग्रजी न शिकलेल्या घरांतही हा शब्द रुळला आहे.

अकरावीतली माझी भाची एकदा इंग्रजीचा उतारा घेऊन माझ्याकडे आली. उतारा एका गायिकेवर होता आणि त्यात वाक्य होतं, 'सिम्प्लिसिटी वॉज द हॉलमार्क ऑफ हर सिंगिंग'. तिने वहीत लिहिलं होतं, 'साधेपणा हा तिच्या गाण्याचा सोन्यावरचा शिक्का होता.' लिहून झाल्यावर तिलाच ते पटेना. "मावशी, शब्दाचा अर्थ येतो मला, पण वाक्य लागत नाही," ती म्हणाली.

शब्द येतो पण वाक्य लागत नाही, ही अडचण इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येते. शब्दकोश उघडला की दोन ओळी सापडतात. एक, सोन्याचांदीवरचा शुद्धतेचा शिक्का. दोन, ठळक वैशिष्ट्य. विद्यार्थी दुसरी ओळ पाठ करतो, पेपरात गुण मिळवतो आणि पुढे जातो. पण मग शिक्क्याचा वैशिष्ट्याशी संबंध काय, वैशिष्ट्यासाठी इंग्रजीत इतके शब्द असताना लेखकाने नेमका हाच का उचलला, हे कळायचं राहूनच जातं. मी बोटातली अंगठी काढून भाचीच्या हातावर ठेवली. लाक्षणिक अर्थ नीट हवा असेल, तर आधी वस्तू हातात घ्यावी लागते, असं माझं पक्कं मत आहे. या प्रकरणात आपण तेच करू.

हॉल कोणता?

या शब्दातला 'हॉल' खराखुरा आहे. लंडनच्या जुन्या शहरात फॉस्टर लेनवर सोनारांच्या संघाची इमारत आहे, गोल्डस्मिथ्स हॉल. पण शिक्क्याची गोष्ट त्या इमारतीच्याही आधी सुरू होते.

१३०० साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला, की चांदीचा माल स्टर्लिंगपेक्षा, म्हणजे हजारात ९२५ भागांपेक्षा, हलका असता कामा नये. सोनारांच्या धंद्यातल्या जाणत्या माणसांनी दुकानोदुकानी फिरून माल तपासावा आणि तपासलेल्या मालावर बिबट्याच्या मस्तकाचा ठसा मारावा, असं ठरलं. १३२७ साली सोनारांच्या संघाला राजाची सनद मिळाली. १३६३ साली आणखी एक नियम आला: प्रत्येक कारागिराने स्वतःची वेगळी खूणही मालावर उमटवली पाहिजे. म्हणजे भांडं कोणी घडवलं ते त्याच्या एका ठशावरून कळणार आणि ते खरं ठरलं की नाही ते दुसऱ्या ठशावरून.

महत्त्वाचं वळण आलं १४७८ साली. तपासनिसांनी दारोदार फिरण्याऐवजी सोनारांनीच आपला माल संघाच्या हॉलमध्ये आणावा, तिथे पगारी परीक्षक तो पारखेल आणि ठसा मारेल, अशी व्यवस्था झाली. हॉलमध्ये मारलेली खूण ती हॉलमार्क. त्याच सुमारास मालावर वर्षाचं अक्षरही उमटू लागलं. पुढे कधी खोट निघाली, तर ती कोणत्या परीक्षकाच्या हातून सुटली हे त्या अक्षरावरून शोधता यायचं. पारखणाऱ्यालाही जाब विचारायची सोय त्या एवढ्याशा अक्षरात होती. १५४४ पासून चालत्या सिंहाचा ठसा आला. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड इथे परीक्षण कार्यालयं उघडली आणि बर्मिंगहॅमने नांगराची खूण घेतली. समुद्रापासून दूर असलेल्या त्या शहराचा माल जहाजाच्या नांगरावरून ओळखला जाऊ लागला.

या साऱ्या तपशिलातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हॉलमार्क हा एकटा ठसा कधीच नव्हता. कारागीर, शुद्धता, गाव आणि वर्ष असे लहान लहान ठसे शेजारी शेजारी बसायचे आणि ते एकत्र वाचले की वस्तूची ओळख पटायची. दोन, ज्याने वस्तू घडवली त्याला शुद्धतेचा ठसा स्वतः मारता येत नसे. तो दुसऱ्याने पारखून मारायचा असतो. शब्दाच्या लाक्षणिक आयुष्यात या दोन्ही गोष्टी पुन्हा भेटणार आहेत.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची सोन्याच्या हॉलमार्कची योजना २००० साली आली, चांदीची २००५ साली. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सोन्यासाठी ती सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून सहा घरांच्या क्रमांकाशिवाय सोन्याचा दागिना हॉलमार्क असलेला म्हणून विकता येत नाही. २२के९१६ चा हिशोब सोपा आहे. शुद्ध सोनं २४ कॅरटचं. त्यातले २२ भाग सोनं म्हणजे हजारात ९१६ भागांहून थोडं जास्त. त्याच हिशोबाने १८ कॅरटवर ७५० असतं; १४ कॅरटवर मात्र हिशोबापेक्षा किंचित जास्त, ५८५ असतं. आपल्या परीक्षण केंद्रांना कोणी हॉल म्हणत नाही, पण शब्दाने तो लंडनचा हॉल बरोबर आणला आहे.

आगीतली परीक्षा

शिक्का मारण्याआधी केंद्रात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. यंत्राखाली दागिना धरून क्ष-किरणांनी वरवरची तपासणी होते, पण शेवटचा शब्द आगीचा. दागिन्यांच्या खेपेतून सोन्याचा किंचितसा तुकडा काढतात आणि अगदी काटेकोर तोलतात. त्यात चांदी मिसळून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात. ही पुडी हाडांच्या राखेसारख्या सच्छिद्र द्रव्याच्या वाटीत ठेवून भट्टीत सरकवतात. हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत शिसं वितळतं, हवेशी संयोग पावतं आणि तांब्यासारख्या हिणकस धातूंना सोबत घेऊन वाटीच्या अंगात मुरून जातं. वाटीत उरतो सोन्याचांदीचा चमकता मणी. तो ठोकून चपटा करतात आणि नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळते. उरतं ते निव्वळ सोनं. ते पुन्हा तोलायचं. आधीचं वजन आणि आताचं वजन यांच्या भागाकारातून ९१६ हा आकडा निघतो.

अंगठीतल्या तीन अंकांमागे एवढं सगळं असतं. शिक्का लहान असतो, पण तो शेवटी येतो, पारख झाल्यावर.

धातू सुटतो, अर्थ उरतो

हॉलमार्क हा शब्द छापील इंग्रजीत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो धातू सोडून माणसांना, पुस्तकांना, वागणुकीलाही लागू लागला. हे कसं घडतं, ते समजायला परदेशी जायची गरज नाही. शाळेच्या व्याकरणात आपण शब्दशक्ती शिकतो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. 'बाबा पानावर बसले' म्हटलं, की कोणी पान चुरगळलं का ते बघायला धावत नाही. बाबा जेवायला बसले हे लगेच कळतं. ही लक्षणा.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाश'मध्ये लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. मूळ अर्थ वाक्यात बसेनासा झाला पाहिजे. नव्या अर्थाचं मूळ अर्थाशी काही नातं असलं पाहिजे. आणि तसा शब्द वापरण्यामागे एक तर रूढी हवी किंवा काही हेतू हवा. गायिकेच्या वाक्याला हे लावून पाहा. गाण्यावर धातूचा शिक्का मारता येत नाही, म्हणजे मूळ अर्थ अडला. शिक्क्यावरून सोन्याचा खरेपणा ओळखतात, साधेपणावरून तिचं गाणं ओळखतात, हे नातं झालं. आणि हेतू? तिचं गाणं अस्सल होतं, पारखणाऱ्यांनी ते पारखलेलं होतं, हे लेखकाला एका शब्दात सुचवायचं होतं. 'साधेपणा हे तिच्या गाण्याचं वैशिष्ट्य होतं' या वाक्यात ही शेवटची गोष्ट हरवते. भाचीची अडचण सुटली ती या तिसऱ्या अटीपाशी.

म्हणून हा शब्द कुठल्याही गुणाला लावता येत नाही. एखादा माणूस रोज दुपारी चहा घेतो, एवढ्याने चहा हा त्याचा हॉलमार्क होत नाही. ज्या गोष्टीवरून ती वस्तू किंवा व्यक्ती नेमकी ओळखू येते, ती इथे हवी. वाक्याची बांधणीही लक्षात घ्यावी. हा शब्द बहुधा 'ऑफ' घेऊन येतो, कारण शिक्का नेहमी कशाचा तरी असतो, नुसता हवेत नसतो. शिवाय हा शब्द दुसऱ्याबद्दल बोलताना जास्त शोभतो. 'प्रामाणिकपणा हा माझा हॉलमार्क आहे' असं कोणी स्वतःबद्दल म्हटलं, की त्याला बढाईचा वास येतो. कारण उघड आहे. घडवणाऱ्याने स्वतःच्या मालावर शुद्धतेचा ठसा मारायचा नसतो, हा जुना नियम शब्दाच्या अंगात अजून शिल्लक आहे.

शुद्ध सोन्यापासून कर्करोगापर्यंत

आता शब्दाच्या प्रवासातलं अवघड वळण. इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या घातपाताच्या बातमीत वाक्य येतं, की या हल्ल्यात अमुक टोळीचे 'ऑल द हॉलमार्क्स' दिसतात. शुद्धतेचा शिक्का आणि घातपात? इथे विद्यार्थी पुरता गोंधळतो.

शिक्क्याची दोन कामं होती: चांगलं असल्याची हमी देणं आणि ओळख पटवणं. शब्द धातूपासून जसजसा दूर गेला, तसतशी हमी सैल होत गेली आणि ओळख तेवढी उरली. त्यामुळे आता तो बऱ्यालाही लागतो आणि वाईटालाही. अशा वापरात शब्द बहुधा अनेकवचनी असतो, आणि जुन्या चांदीच्या भांड्यावरचे शेजारी शेजारी बसलेले ठसे आठवले की त्याचं नवल वाटत नाही. एका ठशावरून निवाडा होत नाही. चार खुणा एकत्र दिसल्या, की वस्तू कोणाची ते उमगतं. पोलीस असं म्हणतात तेव्हा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. खुणा एका दिशेला बोट दाखवत असतात, इतकंच त्यांना म्हणायचं असतं. बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे, नाहीतर संशय आणि पुरावा एकच वाटू लागतात.

या वापराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण विज्ञानातलं आहे. २००० साली डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी 'सेल' या नियतकालिकात 'द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर' या नावाचा लेख लिहिला. कर्करोगाचे प्रकार असंख्य. पण त्यांच्या बुडाशी असलेल्या पेशींमध्ये सहा गोष्टी सारख्या सापडतात, असं त्यांनी मांडलं. या पेशी वाढीचा हुकूम स्वतःच स्वतःला देतात. वाढ थांबवण्याचा हुकूम ऐकत नाहीत. बिघडलेल्या पेशीने आपणहून मरायचं असतं, ते त्या टाळतात. त्या कितीही वेळा विभागत राहू शकतात. स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतात. आणि आजूबाजूला घुसून शरीरात दूरवर पसरतात. २०११ साली दोघांनी या यादीत भर घातली.

सहा खुणा, शेजारी शेजारी. त्या एकत्र वाचल्या की पेशीची ओळख पटते. लंडनच्या चांदीच्या चमच्यावरची रीतच इथे कर्करोगाच्या पेशीला लावली आहे. शब्दाची घडण माहीत असलेल्या वाचकाला या लेखाचं नाव वाचताक्षणीच आतली मांडणी कळते.

मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. त्या लेखाच्या नावाचं मराठी 'कर्करोगाची लक्षणं' असं केलं, तर ते चुकीचं होईल, नुसतं ढोबळ नव्हे. मराठीत रोगाची लक्षणं म्हणजे रोग्याला जाणवणारा त्रास: गाठ, वजन घटणं, रक्त जाणं. लेखकांना पेशींचे गुणधर्म सांगायचे आहेत. तिथे 'कर्करोगाच्या ओळखखुणा' किंवा शास्त्रीय लेखनात 'व्यवच्छेदक गुणधर्म' म्हणावं. व्यवच्छेदक म्हणजे बाकीच्यांपासून वेगळं काढणारं. शब्द जड आहे, पण नेमका आहे.

घातपाताच्या बातमीत 'खुणा' पुरे: 'या हल्ल्यात त्या टोळीच्या साऱ्या खुणा दिसतात.' लेखकाच्या शैलीबद्दल असेल तर 'छाप' किंवा 'मोहोर' चालते. कारागिरीच्या अस्सलपणावर भर असेल तर 'अस्सलपणाची खूण'. आणि पुष्कळदा नाम सोडून क्रियापदाकडे वळणंच बरं. इंग्रजीला नामांची ओढ आहे, मराठी वाक्य क्रियापदावर तोललेलं असतं. 'हॉलमार्क' या एका नामात जे बसलं आहे, ते मराठीत 'ओळखू येणं' या क्रियेत जास्त सहज बसतं.

आपल्या सराफकट्ट्यावरचे शब्द

शिक्क्याचा अर्थ असा पसरणं मराठी माणसाला अनोळखी नाही. आपण सहज म्हणतो, 'बैठकीत नावावर शिक्कामोर्तब झालं.' हा शब्द मराठेशाहीच्या कागदांतून आला. पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे लहान शिक्का. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घालू नये, हे मोर्तब सांगायची. आज समोर लाखही नसते आणि शाईचा ठसाही नसतो, तरी निर्णय पक्का झाल्याचं त्याच शब्दाने सांगतो.

सोन्याच्या पारखीतून तर आपल्या भाषेत शब्दांची ओंजळच पडली आहे. काळ्या दगडावर दागिना घासला की जी रेघ उमटते ती कस, आणि तो दगड कसोटी. त्या रेघेवरून माणसं 'कसाला उतरतात', गुणी माणूस 'बावनकशी' ठरतो, आणि ज्या भांड्यात धातू वितळवतात त्यावरून दोन भाऊ 'एकाच मुशीतून घडलेले' निघतात. गावगाड्यात सरकारभरण्याची नाणी पारखायला पोतदार असे. तिथेही पारख दुसऱ्यानेच करायची, हीच रीत. बोलण्यातलं 'खणखणीत नाणं' याच पारखीतून आलं, कारण खरं नाणं आपटलं की वेगळं वाजतं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक आजही देशभरच्या शहरांत सोनंचांदी गाळून शुद्ध करून देतात. त्यांच्या तोंडी शुद्धतेला 'टंच' म्हणतात.

इंग्रजीतही तीच गल्ली दिसते. कसोटीच्या दगडाला तिथे 'टचस्टोन' म्हणतात आणि त्याचा लाक्षणिक अर्थ पारखण्याचं माप. सोन्यावर आम्ल टाकून बघण्यावरून 'ॲसिड टेस्ट' आली, म्हणजे निर्णायक परीक्षा. आणि 'टेस्ट' हा साधा, रोजचा शब्द? त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं मातीचं भांडं आहे. धातू तावून पारखण्याची वाटी म्हणजे टेस्ट, हा इंग्रजीतला त्याचा जुना अर्थ. पाच दिवसांच्या क्रिकेटला मराठीत 'कसोटी' म्हणतात, तेव्हा सोनाराच्या एका वस्तूला सोनाराचीच दुसरी वस्तू उत्तर देते. तिकडे वाटी, इकडे दगड, आणि दोन्हीकडे पारख. भाषांतर इतकं सुरेख क्वचितच साधतं.

शब्द शिकण्याची रीत

मग नवा इंग्रजी शब्द दोन्ही अर्थांनी कसा शिकावा? मी मुलांना चार प्रश्न विचारायला सांगते. ही वस्तू दिसते कशी? तिचं काम काय? ते काम कोण करतं? आणि लाक्षणिक अर्थात यातलं काय टिकलं, काय गळलं? हॉलमार्कपुरती उत्तरं आता तुमच्याकडे आहेत. दिसायला बारीक ठशांची ओळ. काम, खरेपणाची हमी आणि ओळख. करणारा तिसरा माणूस. टिकली ती ओळख आणि त्रयस्थपणा. गळली ती हमी, तीही सगळीकडे नव्हे.

'अँकर', 'बॉटलनेक', 'माइलस्टोन' या शब्दांना हेच चार प्रश्न विचारून पाहा. बाटलीची मान हाताने चाचपली, की वाहतुकीचा 'बॉटलनेक' समजावून सांगावा लागत नाही. पाठ केलेला अर्थ परीक्षेनंतर निसटतो. हाताला लागलेला अर्थ नव्या वाक्यातही वाट दाखवतो, अगदी शब्दकोशात न दिलेल्या वाक्यातसुद्धा.

भाचीने त्या दिवशी अंगठी बराच वेळ भिंगाखाली धरली. सहा घरांचा क्रमांक मोबाइलवरच्या ब्युरोच्या ॲपमध्ये घालून कोणत्या केंद्रात पारख झाली तेही शोधलं. मग वही ओढून आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'तिचं गाणं साधेपणावरूनच ओळखू यायचं.' या वाक्यात ना शिक्का आहे, ना सोनं. पण ते लिहिताना दोन्ही तिच्या डोळ्यांसमोर होते, आणि म्हणूनच तिला ते निर्धास्तपणे गाळता आले.